गोळ्या घेतल्या तर विनोद सुचेल का?

“मॅडम, औषधं सुरू केली की माझं सुचणं बंद होईल ना?” समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मला चित्रकारांनी विचारलाय, गाणाऱ्यांनी विचारलाय, जाहिरातीच्या ओळी लिहिणाऱ्या एका मुलीने तर अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारला. निदान बहुतेकांचं बायपोलर असतं. काही दिवस मन उधाणलेलं, झोप नको, बोलणं थांबत नाही; आणि मग आठवडेच्या आठवडे अंघोळीलाही उठवत नाही. त्यांना भीती आजाराची नसते, बरं होण्याची असते.

समीर (नाव बदललंय) मूळचा नगरचा. पुण्यात नोकरी सांभाळून स्टँडअप करायचा. मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या गोळ्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या, आणि आईने अक्षरशः ढकलून त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. येताना तो वकील घेऊनच आला: इंग्रजी विनोदी लेखक आणि नट स्पाइक मिलिगन.

“आमच्या नगरचा आहे तो,” समीर म्हणाला. खरंच आहे. १९१८ साली अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, त्याचा जन्म झाला. वडील ब्रिटिश फौजेत. पुण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकला, पुढे रंगूनला. इंग्लंडला राहायला गेला तो किशोरवयात. दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात असताना १९४४ मध्ये इटलीत मोंते कॅसिनो इथल्या आघाडीजवळ जखमी झाला आणि मनानेही खचला. त्यानंतर पीटर सेलर्स आणि हॅरी सीकोम यांच्याबरोबर ‘द गून शो’ केला. अतर्क्य आवाज आणि शेंडाबुडखा नसलेली कथानकं यांनी बीबीसी रेडिओवर लोकांना अक्षरशः लोळवणारा हा कार्यक्रम. ब्रिटिश विनोदाची पुढची पिढी त्याच्यावर पोसली गेली.

“आयुष्यभर त्याला हाच आजार होता, मॅडम. आणि तो स्वतः म्हणालाय की मी आजारी असतानाच सगळ्यात चांगलं लिहिलं. आता बोला.”

माझी रीत साधी आहे. माणसाशी वाद घालायचा नाही, त्याने बांधलेलं मत तेवढं पुराव्याला उभं करायचं. इतक्या वर्षांत या रीतीने मला क्वचितच दगा दिलाय.

“गून शो कधी सुरू झाला?”

“१९५१.”

“आणि मिलिगन पार कोलमडला कधी?”

“१९५२ च्या शेवटी. हॉस्पिटलात होता.”

“मग कार्यक्रम बंद पडला?”

“नाही... चालू राहिला. लॅरी स्टीफन्स वगैरे होते लिहायला.”

“म्हणजे आजार सगळ्यात जोरात होता, तेव्हा लिहीत कोण होतं?”

समीर खुर्चीत जरा मागे सरकला. मी पुढे म्हटलं, “आठवड्याला अर्ध्या तासाचा मजकूर पाडण्याच्या ओझ्याखाली आपण मोडलो, हेही मिलिगननेच सांगितलंय. ते वाक्य तू का नाही आणलंस? त्याच्या युद्धाच्या आठवणींचे सात खंड आहेत, १९७१ पासून १९९१ पर्यंत. वीस वर्षं पुन्हा पुन्हा टेबलाशी येऊन बसल्याशिवाय असं काम होतं का?”

“पण उधाणात सुचतं, हे खरंच आहे.”

“असेल. तुझं तूच तपास. विनोदांची वही घरी असेलच.”

पुढच्या भेटीत तो वही घेऊन आला. रात्री जागून लिहिलेल्या पानांवर लाल खूण, एरवीच्या पानांवर निळी, आणि ज्यावर स्टेजवर हशा आला त्याभोवती गोल. लाल पानं ढिगाने होती. गोल मात्र जवळजवळ सगळे निळ्यांत. बराच वेळ तो पानं उलटत राहिला, मग स्वतःशीच हसला. “रात्री तीनला मला माझं सगळंच भारी वाटतं, मॅडम.”

मला वाटतं, गाठ इथेच सुटली. उधाणात कल्पनांचा पूर येतो, पण त्यातलं टाकायचं काय, हे कळेनासं होतं. विनोदाचं अर्धं काम तर काटछाटीचंच. आजाराने समीरला ऐवज दिला असेल, कारागिरी मात्र त्याची स्वतःची होती, आणि ती शुद्धीवर असतानाच चालत होती. हे मी सांगितलं असतं तर त्याने उडवून लावलं असतं. वहीने सांगितलं.

आता त्याची भीती अगदीच बिनबुडाची होती का? नाही. काहींना औषधांनी डोकं जड वाटतं, हात थरथरतात, विचार मंदावल्यासारखे होतात. ही तक्रार डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगायची असते. मात्रा किंवा औषध बदलता येतं. परस्पर गोळ्या बंद करणं हे सगळ्यात वाईट, विशेषतः बायपोलरसाठी दिलं जाणारं लिथियम हे औषध एकदम सोडलं तर आजार उसळून येऊ शकतो. घरच्यांनी हसण्या-बोलण्यापेक्षा झोपेवर लक्ष ठेवावं. दोन-तीन रात्री झोप नाही आणि तरी थकवा नाही, असं दिसलं की डॉक्टरांना फोन करा. मरणाचे विचार येत असतील तर माझ्यासारखीच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. आणि हो, “सगळ्यांना हसवणारा आमचा मुलगा, त्याला कसलं आलंय डिप्रेशन?” असं कृपा करून म्हणू नका. मिलिगनने १९९३ मध्ये अँथनी क्लेअर या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर नैराश्यावरच पुस्तक लिहिलं होतं.

समीरने आधी तक्रारींची यादी केली आणि ती घेऊनच डॉक्टरांकडे गेला. मात्रा ठरायला वेळ लागला, मधल्या काळात माझ्याशी दोनदा कडाक्याचं भांडलाही. सध्या त्याच्या कार्यक्रमात लिथियमसाठी रक्त तपासायला जाण्यावर चांगली पाच मिनिटं आहेत. त्यात समुपदेशक बाईंचीही नक्कल आहे, पण लॅबवाल्याची जास्त जमलीय.