एफडीचे पैसे छतावरच्या सोलरला लावावेत का?

अंबाजोगाईहून एका ताईंनी विचारलंय: “मी खासगी शाळेत शिक्षिका, मिस्टरांची चार एकर शेती. 3 लाखांची एफडी पुढच्या महिन्यात संपतेय. सोलरवाला म्हणतो, 5 किलोवॅट बसवा, बिल शून्य. 5 ला 2 लाख 95 हजार, 3 ला 1 लाख 95 हजार आणि 2 ला 1 लाख 35 हजार सांगतो. आमचं बिल सरासरी 2,000, वर्षाला 2,500 युनिट. घर आणि मीटर सासऱ्यांच्या नावावर. मुलगी दोन वर्षांनी इंजिनिअरिंगला जाईल. शेतातही सौर पंप घ्यावा का?”

ताई, वर्षभराच्या युनिटांची बेरीज पाठवलीत, माझं निम्मं काम तिथंच झालं. बहुतेक जण एकटं मे महिन्याचं बिल पाठवतात, आणि विकणाराही तेच धरून बसतो.

आपल्याकडच्या उन्हात 1 किलोवॅटमागे रोज सरासरी 4 युनिट धरावेत. पावसाळ्यात ते कमी पडतात, आणि पॅनेल फार तापलं तर ऐन उन्हाळ्यातही थोडी घट येते. म्हणजे 2 किलोवॅटची वर्षाला साधारण 2,900 युनिट वीज. तुमचं घर त्यात भागतं. 5 किलोवॅटची 7,300 होईल, तिचं तुम्ही करणार काय? नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जास्तीची वीज महावितरणला देऊन ती बिलात वळती करून घेण्याच्या सोयीत, उन्हाळ्यातली तूट इतर महिन्यांच्या शिलकीतून भरून निघते, पण वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. वीज विकून कमवायचा हा धंदा नाही.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000. पुढे वाढ नाही. 3 घ्या की 5, मिळणार 78,000 च. 2 किलोवॅटला तुमचे खिशातले 75,000 जातील, 5 ला 2 लाख 17 हजार. बिल शून्य होणार नाही, स्थिर आकार राहतोच. तरी वर्षाला 20,000 वाचले तर चार वर्षांच्या आत पैसे वसूल. तेच 75,000 सात टक्क्यांच्या एफडीत वर्षाला 5,250 देतील, त्यावर कर वेगळा. म्हणून माझं मत: 2 किलोवॅट बसवा, उरलेली एफडी फीसाठी छोट्या मुदतीत ठेवा. वाचलेल्या पैशांची महिना 1,500 ची आरडी लावा, नाहीतर ते किराण्यात कधी विरघळतील कळणारही नाही. दोन वर्षांत एसी घ्यायचं नक्की असेल, तरच 3 चा विचार.

अनुदान यंत्रणा चालू झाल्यावर खात्यात येतं, म्हणून सुरुवातीला पूर्ण 1 लाख 35 हजार हाताशी हवेत. आणि पॅनेल भारतीय सेलचं, म्हणजे डीसीआर आहे ना, हे कोटेशनवर लिहून घ्या. ते नसेल तर अनुदान नाही.

एक गोष्ट सोलरवाला आपणहून सांगत नाही. बॅटरी नसलेली ही यंत्रणा लाईट गेली की भर दुपारीही बंद पडते. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भारनियमनावरचा उपाय म्हणून घेणार असाल तर निराशा होईल. घरातला जुना इन्व्हर्टर काढू नका.

पैशांपेक्षा मला काळजी मीटरच्या नावाची वाटते. अनुदान मीटर ज्याच्या नावावर त्याच्या खात्यात जातं. दीर असतील तर उद्या वाटणीत स्लॅब कुणाकडे जाईल? सासऱ्यांशी आत्ताच बोला, अर्ज त्यानंतर.

पंपाचं गणित वेगळं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. चार एकरांना 5 एचपीचा पंप बसतो. पण 7.5 एचपीपर्यंतच्या मोटारींचं वीजबिल सरकारने एप्रिल 2024 पासून माफ केलंय, म्हणजे बिलात वाचण्यासारखं फारसं काही नाही. फायदा दिवसा पाणी देता येण्याचा आहे: रात्री बॅटरी घेऊन बांधावर जाणं टळतं, डीपी जळाला की आठ-आठ दिवस पीक वाळत बसत नाही. हे मोठं आहे, पण विहिरीला मार्चनंतर पाणी राहतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मिस्टरांना विचारून कळवा, मग पंपाचं ठरवू.