गंड म्हणजे गळू नव्हे

प्रश्न : इंदिरानगरच्या एका ताईंनी विचारलंय, ‘मुलगा दुसरीत आहे. पालकसभेत त्याच्या बाई म्हणाल्या, याला न्यूनगंड आलाय. यातला गंड म्हणजे नक्की काय? गंडवणे, गंडांतर यांच्याशी त्याचं काही नातं आहे का? आणि न्यूनगंडाचा विरुद्धार्थी शब्द अहंगंडच ना?’

ताई, आधी त्या ‘आलाय’चं बघू. न्यूनगंड येत नाही, आणि वाटत तर मुळीच नाही. वाटतो तो कमीपणा. उन्हाळ्याची सुट्टी लागली की गंगापूर रोडवर शिबिरांचे फलक लागतात, ‘दहा दिवसांत न्यूनगंड घालवा’, आणि माझं डोकं उठतं. बुजरा मुलगा, इंग्रजी अडखळत बोलणारी मुलगी, सभेत मागच्या रांगेत बसणारे काका, सगळ्यांवर हा एकच शिक्का.

ज्या आल्फ्रेड आडलरच्या मांडणीतून हा शब्द आपल्याकडे पोचला, त्याने भावना आणि गंड यांत स्पष्ट भेद केला होता. आडलर व्हिएन्नाचा डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ. लहानपणी त्याला मुडदूस होता, न्यूमोनियाने तो मरता मरता वाचला. १९०७ साली त्याने शरीरातल्या उणिवांवर लिहिलं, १९११ मध्ये तो मनोविश्लेषण मांडणाऱ्या फ्रॉइडपासून वेगळा झाला. त्याचं म्हणणं असं की न्यूनतेची भावना प्रत्येक मुलाला असतेच, कारण मूल लहान असतं आणि भोवतालची माणसं मोठी. त्या भावनेच्या रेट्यानेच ते चालायला, बोलायला, शिकायला धडपडतं. ही धडपड खुंटली, ‘मला जमणारच नाही’ हाच जगण्याचा आधार होऊन बसला, तर तो गंड. तेव्हा दुसरीतल्या पोराबद्दल बोलताना न्यूनभावना म्हणा, कमीपणा म्हणा. गंड म्हणू नका.

आता गंड. कोशात या शब्दाचे अर्थ ओळीने दिलेले असतात : गाल, हत्तीचं गंडस्थळ, फोड, गलगंड, अगदी गेंडासुद्धा. त्यांत अडकत नाही. मला हवा तो अर्थ जरा मागे बसलेला आहे : सांधा, पेर. उसाची गंडेरी आठवा. मेन रोडला गाडीवर ऊस तासणाऱ्याचा हात बघा. साल सरसर निघत जाते, पेरापाशी कोयता अडतो, तिथे मनगटाला झटका द्यावा लागतो. माझ्या मते मनाचा गंड हा तो पेराचा गंड आहे.

हे सगळ्यांना मान्य नाही. एक पक्ष म्हणतो गंड म्हणजे गळू, मनाला आलेली सूज. दुसरा पक्ष हिंदीकडे बोट दाखवून म्हणतो की तिथे मनोग्रंथी आहे, मराठीनेही ग्रंथी म्हणावं. ग्रंथीवाल्यांना माझं उत्तर सरळ आहे : आपल्याकडे ग्रंथी डॉक्टरांनी केव्हाच नेली. थायरॉइडची ग्रंथी, घामाच्या ग्रंथी, लाळेच्या ग्रंथी. मनाला वेगळा शब्द मिळाला हे मराठीचं भाग्य, ते हिंदीच्या सोयीसाठी घालवायचं कारण नाही. कुणी कन्नडमधला ‘वीर पुरुष’ या अर्थाचा गंड आणतात आणि अहंगंड त्याच्यावरून आला म्हणतात. विजयनगरच्या राजांच्या बिरुदात तो गंड शोभतो. इथे त्याचं काही काम नाही, कारण न्यूनगंडात वीर कुठून आणणार?

गळूवाल्यांचं म्हणणं जास्त त्रास देतं, कारण त्यातूनच ‘घालवा’ची भाषा येते. गळू फोडलं की संपलं. आपण ज्याला गंड म्हणतो ती मुळातली ‘कॉम्प्लेक्स’ ही कल्पना तशी नव्हती. झुरिकच्या बुर्गहोल्झली या मनोरुग्णालयात डॉक्टर कार्ल युंगने शब्दांची चाचणी घेतली, तिच्यातून हा शब्द रूढ झाला. शंभर शब्दांची यादी. एकेक शब्द म्हणायचा, समोरच्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि हातातल्या घड्याळावर वेळ मोजायचा. बहुतेक शब्दांना उत्तर चटकन येतं. मध्येच एखाद्या साध्या शब्दाला माणूस थबकतो, तोच शब्द परत म्हणतो, कसनुसं हसतो. त्या थबकण्यामागे एका भावनेने एकत्र बांधलेल्या आठवणी आणि कल्पना असतात, त्यांचं नाव कॉम्प्लेक्स. जीभ जिथे अडते तिथे गंड. यात सूज कुठे आली?

खरं तर गळूवाल्यांच्या हाताशी एक फार चांगला पुरावा होता, तो त्यांना दिसलाच नाही. फ्रॉइडने १९१० पासून ‘ईडिपस कॉम्प्लेक्स’ हा शब्द वापरला, आपण त्याला ईडिपस गंड म्हणतो : साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलाची आईविषयीची ओढ आणि बापाशी वाटणारी चढाओढ. ईडिपस हा ग्रीक कथेतला राजा, आणि त्याचं नाव ग्रीकमध्ये उघड अर्थाचं आहे. ओइडेइन म्हणजे सुजणे, पूस म्हणजे पाय. हा पूस आणि आपला पद एकाच मुळाचे. सुजल्या पायाचा तो ईडिपस. आजही नाशिकच्या कुठल्याही दवाखान्यात डॉक्टर आजींच्या पायावर बोट दाबून खळगा किती वेळ राहतो ते बघतात आणि ‘इडिमा आहे’ म्हणतात, तो इडिमा याच ओइडेइनचा. म्हणजे सूज सापडली! पण पाय सुजला कशाने? बापाने तान्ह्या पोराचे घोटे टोचून जखडले आणि त्याला डोंगरावर टाकून द्यायला लावलं. ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या नाटकात ईडिपसची आई, म्हणजे राणी, हे सांगते तेव्हा पायांचे सांधे असाच शब्द वापरते. इजा बालपणी झाली, ती सांध्यावर झाली, आणि जन्मभराचं नाव त्या सांध्यावरून पडलं. सूज नंतरची, सांधा आधीचा. व्युत्पत्तीत याहून मोठा आनंद मला ठाऊक नाही.

इथेच गंडांतर येतं. ते गंडांत या शब्दाचं. आश्लेषा संपून मघा, ज्येष्ठा संपून मूळ, रेवती संपून अश्विनी लागते, ते तीन सांधे म्हणजे गंडांत. अशा सांध्यावर मूल जन्मलं की पंचवटीत गुरुजींकडून शांत करवून घेणारी घरं आजही आहेत. फलज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण भाषेने काय हेरलं ते बघा : धोका नक्षत्रात मानला नाही, दोन नक्षत्रांच्या जोडावर मानला. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिकसनने १९५० साली माणसाच्या वाढीच्या आठ अवस्था मांडल्या आणि प्रत्येक अवस्थेत एक पेच असतो असं सांगितलं. त्यातली चौथी, सहा ते बारा वर्षांची, शाळेत जाण्याची : एकीकडे काही करून दाखवण्याची उमेद, दुसरीकडे न्यूनता. तुमचा मुलगा नेमका त्याच पेरावर उभा आहे, ताई. त्या वयात न्यूनता डोकावणं हा वाढीचाच भाग आहे, आणि हाताला जमेल असं काम आणि त्याची दखल मिळाली की उमेद वरचढ होते, असं एरिकसन म्हणतो.

राहिलेले दोन प्रश्न. गंडवणे हे गंडा घालण्याच्या घरातलं, मनाशी त्याचा संबंध नाही. आणि अहंगंड हा न्यूनगंडाचा विरुद्धार्थी शब्द नाही, शालेय मार्गदर्शकांतल्या जोड्या काहीही सांगोत. आडलरच्या मते अहंगंड हे न्यूनगंड झाकायचं पांघरूण. वर्गात सतत फुशारकी मारणाऱ्याच्या आत तोच कमीपणा असतो.

शेवटी लेखनाबद्दल. ‘न्युनगंड’ असं ह्रस्व लिहिलेलं रोज दिसतं. नि अधिक ऊन म्हणजे न्यून. हा ऊन म्हणजे कमी, उणा. एकोणीसमध्ये तोच आहे : विसाला एक उणा. ऊन दीर्घ, म्हणून न्यूनही दीर्घच.