वाचकांचे प्रश्न : कामगार संघटना आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व

प्रश्न : पगार, कामाचे तास आणि सुरक्षितता हे कामगार संघटनांचे नेहमीचे विषय. असे असताना ब्रिटनमधील काही मोठ्या संघटना निवडणूक पद्धत बदलून प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे प्रत्येक पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत, आणण्याची मागणी का करत आहेत? यातून कामगाराच्या पदरात काय पडणार?

उत्तर : संप केव्हा कायदेशीर ठरतो, मालकाने कोणत्या संघटनेशी वाटाघाटी करायच्या, कामावरून काढलेल्या माणसाने दाद कोठे मागायची, हे सारे संसदेने केलेल्या कायद्यांवर अवलंबून असते. त्यामुळे संसद कशी निवडली जाते, हा प्रश्न संघटनांच्या कक्षेबाहेरचा राहत नाही. ब्रिटनमध्ये प्रत्येक मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो व उरलेली मते हिशेबातून जातात. मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाला १९७९, १९८३ आणि १९८७ या तिन्ही निवडणुकांत ४४ टक्क्यांपर्यंतही मते मिळाली नाहीत. तरीही प्रत्येक वेळी स्पष्ट बहुमत हाती आले आणि त्या बळावर संघटनांचे अधिकार आवळणारे कायदे एकामागून एक संमत झाले.

२०१६ च्या कामगार संघटना कायद्याचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. संपाच्या कौलात किमान निम्म्या सभासदांनी मतदान केले पाहिजे, आणि आरोग्य किंवा वाहतूक यांसारख्या महत्त्वाच्या सार्वजनिक सेवांमध्ये, त्याखेरीज, मतदानाचा हक्क असलेल्या एकूण सभासदांपैकी ४० टक्क्यांचा पाठिंबा संपाला मिळाला पाहिजे, अशी अट या कायद्याने घातली. ती घालणारे सरकार २०१५ मध्ये सुमारे ३७ टक्के मतांवर निवडून आले होते, आणि मतदानाला न आलेल्यांसह सर्व नोंदणीकृत मतदार मोजले, तर त्याचा पाठिंबा जेमतेम एकचतुर्थांश भरत होता. स्वतःला न पेलणारी अट सरकारने परिचारिकांना व रेल्वे कर्मचाऱ्यांना घातली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही.

दुसरे कारण भूगोलाचे आहे. कामगारांची मते खाणींच्या व कारखान्यांच्या पट्ट्यांत एकवटलेली असतात. तेथे त्यांचा उमेदवार प्रचंड मताधिक्याने निवडून येतो, पण मताधिक्य कितीही वाढले तरी जागा एकच मिळते. १९५१ मध्ये मजूर पक्षाला जवळपास ४९ टक्के मते आणि २९५ जागा मिळाल्या, तर ४८ टक्के मते मिळवणाऱ्या हुजूर पक्षाने व त्याच्या सहकाऱ्यांनी ३२१ जागांसह सत्ता घेतली. शिवाय निकाल काठावरच्या थोड्या मतदारसंघांत ठरत असल्याने सर्व पक्ष तेथील मतदारांची मर्जी सांभाळतात आणि हक्काच्या पट्ट्यांतील कामगारांना गृहीत धरतात. युनाइट आणि युनिसन या दोन मोठ्या संघटनांनी आपली भूमिका बदलली व त्यांच्या पाठिंब्याने मजूर पक्षाच्या २०२२ च्या अधिवेशनात प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा ठराव संमत झाला. पक्षाच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात मात्र त्याला स्थान मिळाले नाही.

प्रश्न : चालू पद्धतीत मजूर पक्षालाही एकहाती सत्ता मिळतेच. मग ती सोडून संघटनांनी आघाडी सरकारांची तडजोड का पत्करावी?

उत्तर : हा आक्षेप वजनदार आहे आणि सुधारणावाद्यांनी तो टाळू नये. १९४५ मध्ये सुमारे ४८ टक्के मतांवर मजूर पक्षाला मोठे बहुमत मिळाले नसते, तर राष्ट्रीय आरोग्य सेवा त्याच स्वरूपात उभी राहिली असती का, हे सांगणे कठीण आहे. २०२४ मध्येही सुमारे ३४ टक्के मतांवर या पक्षाने ६५० पैकी ४११ जागा मिळवल्या. परंतु याच बळावर पुढचे सरकार सारे उलटवू शकते, आणि सामूहिक वाटाघाटींची घडी बसायला अनेक वर्षे लागतात. न्यूझीलंडमध्ये १९९० साली नॅशनल पक्षाने ४८ टक्क्यांहून कमी मतांवर ९७ पैकी ६७ जागा जिंकल्या आणि १९९१ च्या रोजगार करार कायद्याने सामूहिक वाटाघाटींची जुनी चौकट मोडली. संघटनांची सभासदसंख्या झपाट्याने घसरली. १९९३ च्या सार्वमतात तेथील मतदारांनी मिश्र प्रमाणशीर पद्धत स्वीकारली; तीत काही प्रतिनिधी मतदारसंघांतून, तर उरलेले पक्षांच्या याद्यांतून येतात आणि एकूण जागा पक्षांच्या मतांच्या प्रमाणात राखल्या जातात.

अर्थात नवी पद्धत म्हणजे कामगारांसाठी विमा नव्हे. त्याच देशात मजूर पक्षाने २०२२ मध्ये उद्योगनिहाय किमान वेतन व सेवाशर्ती ठरवणारा कायदा केला आणि २०२३ च्या अखेरीस उजव्या आघाडीने तो रद्द केला. फरक इतकाच की रद्द करणाऱ्या तीन पक्षांच्या मागे मतदारांचे खरे बहुमत होते. ते बदलायचे तर संघटनांना काठावरच्या मोजक्या मतदारसंघांवर अवलंबून न राहता देशभर लोकांचे मन वळवावे लागेल.