संगीतावरून काढलेली चित्रं वाजवता येतात का?

स्वरलिपी किंवा आवाज घेऊन काढलेली चित्रं पुन्हा वाजवता येतात, की त्यांचं संगीताशी नातं फक्त नावापुरतं असतं, असं तुम्ही विचारलंय. काही वाजवता येतात. पण मला जास्त भुरळ घालतात ती न वाजणारी.

पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी मुळातच अर्धं चित्र असते. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, खालून वर स्वर चढतो. अमेरिकन संगीतकार मॉर्टन फेल्डमन यांनी १९५० मध्ये चेलो या तंतुवाद्यासाठी रचना केली ती चौकटी आखून: स्वर खालचा, मधला की वरचा एवढंच सांगितलं, नेमका कोणता ते वादकानं ठरवायचं. ब्रिटिश संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यू तर पोटापाण्यासाठी ग्राफिक डिझाइन करायचे. त्यांची ‘ट्रीटाइज’ ही रचना (१९६३–६७) म्हणजे १९३ पानं नुसत्या रेषा, वर्तुळं आणि आकार, वाजवायचं कसं याची एकही सूचना नाही. तळाशी मात्र प्रत्येक पानावर पाच रेघांच्या दोन रिकाम्या ओळी! मला तो मिश्कीलपणा वाटतो.

आताचे काही चित्रकार उलट्या बाजूनं येतात. इद्रिस खान यांनी संगीतकार बेथोवनच्या सोनाटांची, म्हणजे वाद्यरचनांची, पानं एकावर एक चढवली (२००५). सगळं संगीत तिथे आहे आणि तरी पान जवळजवळ काळं, वाचता येत नाही. बेथोवन बहिरा होत गेला हे आठवलं की त्या काळ्याकडे बघवत नाही. मार्को फुसिनातो छापील स्वरलिपीतल्या प्रत्येक स्वरापासून रेघ काढून ती एकाच बिंदूत नेतात. जणू अख्खी रचना एका क्षणात वाजवायची.

चित्रकार क्रिस्टीन सन किम जन्मापासून बहिऱ्या आहेत. स्वरलिपीत ‘पी’ (p) म्हणजे हळू आवाजात, दोन ‘पी’ म्हणजे आणखी हळू आवाजात. त्या कोळशानं ‘पी’वर ‘पी’ लिहीत जातात. कितीही लिहिले तरी पूर्ण शांतता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. ऐकू येणाऱ्या माणसाला हे सुचलं असतं का, शंकाच आहे.

बघताना मी एकच विचारतो: यांनी आवाजातलं काय ठेवलं नि काय टाकलं? मी स्वतः गाणं ऐकत पेन्सिल चालवली तेव्हा पहिले कित्येक कागद नुसत्या लाटांचे निघाले. कुठलंही गाणं असो, लाटा त्याच. मग ठरवलं, फक्त श्वासाच्या जागा टिपायच्या. पान जवळपास कोरं राहिलं, पण ते त्या गाण्याचं होतं. प्रदर्शनात लाटाच लाटा दिसल्या की म्हणूनच मी पुढे सरकतो.