जनरेटर आधी की घराचा विमा?

तुमचं घर नदीकाठच्या सखल भागात आहे, घरात पाच माणसं आहेत आणि सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे. शिल्लक आहे सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी. त्यातली चार महिन्यांची रक्कम मोठ्या जनरेटरवर आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्या तयार अन्नाच्या पेट्यांवर घालायची, विम्याचं पुढच्या वर्षी बघू, असा पूर-वादळाच्या तयारीचा बेत तुम्ही पत्रात कळवलाय. माझ्या मते क्रम उलटा हवा.

आपत्तीसाठी पैसे काढताना मी आधी हे बघतो, की कोणतं नुकसान घराला स्वतःच्या कमाईतून कधीच भरून काढता येणार नाही. चार दिवस अंधारात काढणं त्रासाचं असतं, पण निभतं. भिंती खचल्या, राहायला भाड्याचं घर घ्यावं लागलं आणि कर्जाचा हप्ताही चालूच राहिला, तर सहा महिन्यांची शिल्लक कुठेच पुरत नाही. आणि तुम्ही तर हातात दोनच महिन्यांची ठेवणार आहात. घर पडलं म्हणून कर्ज फिटत नाही.

'कर्ज घेताना बँकेने विमा काढायला लावला होता, तो आहेच,' असं तुम्ही लिहिलंय. ती पॉलिसी काढून नीट वाचा. असा विमा अनेकदा उरलेल्या कर्जापुरताच असतो, म्हणजे बँक सुटते, तुम्ही नाही. पुराचं नुकसान त्यात धरलंय की वगळलंय, हेही बघा. पूर आणि भूकंप अनेक पॉलिसींत वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात. विम्याची रक्कम घर नव्याने बांधायच्या खर्चाएवढी हवी. बाजारभाव धरू नका, त्यात जमिनीची किंमत असते आणि जमीन वाहून जात नाही (नदीकाठी हे शंभर टक्के खरं नाही, पण विमा तरीही बांधकामाचाच मिळतो). रक्कम कमी लावून हप्ता वाचवायचा मोह आवरा. बांधायला शंभर लागणार असताना साठचाच विमा असेल, तर बऱ्याच पॉलिसींत वीसच्या नुकसानीला बाराच हातात पडतात. त्यातूनही आधी तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, म्हणजे डिडक्टिबल, वजा होते.

'पुढच्या वर्षी' मला खटकतं ते आणखी एका कारणाने. वादळाचा इशारा आला की विमा कंपन्या नव्या पॉलिसी देणं थांबवू शकतात. अमेरिकेतल्या सरकारी पूरविम्यात तर पैसे भरल्यावरही साधारण ३० दिवसांनी संरक्षण सुरू होतं.

आता जनरेटर. २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावर वीज पूर्णपणे परत यायला जवळजवळ ११ महिने लागले. ज्यांच्याकडे जनरेटर होते त्यांनाही इंधनासाठी रांगा लावाव्या लागल्या. यंत्र एकदाच घ्यायचं असतं, इंधन मात्र रोज लागतं, आणि सखल घरात ते साठवणार कुठे? शिवाय जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान सहा मीटर लांब चालवावा लागतो, नाहीतर त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने घरातलीच माणसं जायची. पाणी चढलेलं असताना तेवढी कोरडी जागा तुमच्याकडे नाही.

इन्सुलिनची भीती समजते. पण बहुतेक प्रकारचं इन्सुलिन ३० अंश सेल्सिअसपर्यंत फ्रिजबाहेर सुमारे २८ दिवस चालतं. सासूबाईंच्या औषधाचं नेमकं काय, ते डॉक्टरांना विचारा. उकाडा त्याहून जास्त असेल तर थंड ठेवणारी छोटी पिशवी पुरेल. घरात ऑक्सिजनचं यंत्र चालू असतं, तर मीच विजेला वरचा क्रम दिला असता. फोन आणि दिव्यांसाठी पॉवर बँक बास.

अन्नाच्या तयार पेट्या नकोत. घरात रोज लागणारं, न शिजवता खाता येईल असं थोडं जास्तीचं आणत जा आणि जुनं आधी संपवा. पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा. पाच जणांचे तीन दिवसांचे ६० लिटर होतात. औषधं, टॉर्च, प्रथमोपचार धरून हे सगळं अर्ध्या महिन्याच्या खर्चात बसवा. विजेचा बोर्ड आणि खालचे प्लग वर घेता येतात का, ते इलेक्ट्रिशियनला विचारा. हा खर्च मी जनरेटरच्या कितीतरी आधी करेन. प्रत्येक खोलीचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढा आणि गावाबाहेरच्या नातेवाइकाला पाठवा. दाव्याच्या वेळी उपयोगी पडतो.

विम्याचा हप्ता आणि ही तयारी यात मिळून दीड महिन्याची शिल्लक गेली तरी चालेल. निदान साडेचार महिन्यांची राहू द्या, कारण दाव्याचे पैसे यायला वेळ लागतो आणि तोवर कामधंदाही बंद असू शकतो. त्यातली आठवड्याच्या खर्चाएवढी रोकड, सुट्ट्या नोटांत, घरात ठेवा. वीज आणि नेटवर्क गेलं की कार्ड चालत नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र मला जनरेटरपेक्षा जास्त खुपली. सगळी शिल्लक पतींच्या एकट्याच्या खात्यात आहे. ते अडकून पडले किंवा दवाखान्यात असले, तर तुम्हाला त्यातलं काहीच काढता येणार नाही. खातं संयुक्त करून घ्या, 'दोघांपैकी कोणीही' अशा पर्यायाने. विम्याचे भाव मागवण्याच्याही आधी हे करा.