नॉन-लीग फुटबॉल क्लबच्या इतिहासात मॅनेजरला इतकं महत्त्व का? हेरिफर्डचं उदाहरण

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या नॉन-लीग क्लबांचा इतिहास सांगताना लोक खेळाडूंच्या आधी मॅनेजरांची नावं का घेतात, आणि समजायला सोपा असा एखादा क्लब कोणता. माझ्या मते हेरिफर्ड. वेल्सच्या सीमेजवळच्या या गावाच्या क्लबात माझा जीव गुंतलेला आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

नॉन-लीग म्हणजे वरच्या चार श्रेणींतल्या ९२ क्लबांच्या (पुढे मी ज्यांना नुसतं 'लीग' म्हणतो) खालचं सगळं फुटबॉल. इथले बरेच खेळाडू दिवसा नोकरी-धंदा करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. पैसा तुटपुंजा, आणि मॅनेजरच्या हाताखाली माणसंही मोजकी. खेळाडू शोधायचा, त्याला पटवायचा, कमी पगारात टिकवायचा, हे सगळं बहुतेक वेळा त्या एका माणसाच्या ओळखीवर आणि शब्दावर चालतं. म्हणून तो बदलला की क्लबच बदलतो.

हेरिफर्ड युनायटेडची स्थापना १९२४ची, मैदान एडगर स्ट्रीट. १९६०च्या दशकात तिथे जॉन चार्ल्स आला. लीड्स आणि युव्हेंटस गाजवलेला, इटलीत तीनदा लीग जिंकलेला वेल्सचा हा खेळाडू सदर्न लीग या नॉन-लीग स्पर्धेतल्या क्लबात खेळायला लागला आणि १९६७मध्ये मॅनेजरही झाला. त्याच्यामुळे गर्दी वाढली आणि आपण वर जाऊ शकतो हा विश्वास गावाला आला. १९७१मध्ये तो क्लब सोडून गेल्यावर कॉलिन ॲडिसन आला, तोही खेळाडू-मॅनेजर.

पुढचं कदाचित तुम्हाला माहीत असेल. जानेवारी १९७२मध्ये एफए कप या लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद स्पर्धेत तिसऱ्या फेरीत पहिल्या श्रेणीतल्या न्यूकॅसलशी त्यांच्याच मैदानावर २-२ अशी बरोबरी झाली. हेरिफर्डचा दुसरा गोल स्वतः ॲडिसनने लांबून मारलेला. पाऊस आणि चिखलामुळे लांबलेला फेरसामना अखेर ५ फेब्रुवारीला एडगर स्ट्रीटवर झाला. सामना संपत आला असताना माल्कम मॅकडोनल्डने न्यूकॅसलला पुढे नेलं, आणि काही मिनिटांतच रॉनी रॅडफर्डने चिखलातून सुमारे तीस यार्डांवरून चेंडू जाळ्याच्या कोपऱ्यात घातला. रॅडफर्ड पेशाने सुतार होता. जादा वेळेत बदली खेळाडू रिकी जॉर्जने विजयी गोल केला. जॉन मॉट्सन हा तेव्हाचा नवखा समालोचक त्या एका दुपारीने मोठा झाला. पुढच्या फेरीत वेस्ट हॅमशी घरच्या मैदानावर ०-० झालं आणि फेरसामन्यात जेफ हर्स्टच्या तीन गोलांनी प्रवास संपला.

त्या काळी लीगमध्ये जागा मिळायची ती क्लबांच्या मतांवर. न्यूकॅसलला हरवल्याने हेरिफर्डचं नाव देशभर झालं होतं. त्याच उन्हाळ्यात बॅरो या क्लबला बाहेर काढून त्यांना चौथ्या श्रेणीत घेतलं गेलं. बॅरोवर हा अन्यायच होता असं मला वाटतं. तो क्लब त्या श्रेणीत तळाला नव्हता, आणि परत यायला त्याला २०२०पर्यंत थांबावं लागलं. पहिल्याच हंगामात ॲडिसनने संघाला वर नेलं, आणि त्याच्यानंतर आलेल्या जॉन सिलेटने १९७६मध्ये तिसरी श्रेणी जिंकून दिली. दुसऱ्या श्रेणीत मात्र एकच वर्ष टिकले.

सिलेटबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. पुढे १९८७मध्ये त्याने जॉर्ज कर्टिसच्या साथीने कॉव्हेंट्रीला एफए कप जिंकून दिला, आणि जानेवारी १९८९मध्ये त्याच कॉव्हेंट्रीला सटन युनायटेड या नॉन-लीग क्लबने २-१ हरवलं. नंतर सिलेट पुन्हा हेरिफर्डला आला.

पण माझ्या दृष्टीने या क्लबचा सर्वांत मोठा माणूस ग्रॅहम टर्नर. १९९५मध्ये तो मॅनेजर झाला. ३ मे १९९७ला शेवटच्या सामन्यात ब्रायटनशी १-१ बरोबरी झाली आणि क्लब लीगबाहेर गेला. दोघांचे गुण सारखे, गोलफरक हेरिफर्डचा चांगला. पण तेव्हाच्या नियमात केलेले एकूण गोल मोजायचे, आणि ब्रायटनचे ५३ होते, हेरिफर्डचे ५०. अशा वेळी मॅनेजरला घालवतात. टर्नर राहिला. नुसता राहिला नाही, तर पुढे क्लबचे बहुसंख्य शेअर घेऊन अध्यक्षही झाला. संघ निवडणारा आणि खर्चाचा हिशोब बघणारा एकच माणूस! २००४, २००५, २००६, सलग तीन हंगाम कॉन्फरन्समध्ये, म्हणजे नॉन-लीगच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, दुसरा क्रमांक, आणि पहिल्या दोन वेळा प्लेऑफमध्ये, म्हणजे बढती ठरवणाऱ्या सामन्यांत, निराशा. अखेर २००६मध्ये लेस्टर शहरात हॅलिफॅक्सविरुद्ध जादा वेळेत ३-२ जिंकून ते लीगमध्ये परतले. २००८मध्ये आणखी एक पायरी वर गेले, पुढच्याच वर्षी खाली आले, आणि २०१०मध्ये टर्नरने क्लब विकला.

त्यानंतरची घसरण वाचताना आजही त्रास होतो. २०१२मध्ये क्लब पुन्हा लीगबाहेर गेला. २०१४च्या वसंतात पीटर बीडल मॅनेजर म्हणून आला आणि शेवटच्या दिवशी त्याने संघाला कॉन्फरन्समध्ये टिकवलं. पण मैदानावर वाचलेला क्लब कर्जात बुडाला. आधी कॉन्फरन्समधून हकालपट्टी झाली, आणि १९ डिसेंबर २०१४ला न्यायालयाने तो बंद केला.

गावाने मग हेरिफर्ड एफसी उभा केला आणि मॅनेजर म्हणून पुन्हा बीडललाच बोलावलं. नवव्या पायरीपासून सुरुवात करून २०१६, २०१७, २०१८ अशा सलग तीन वर्षी बढती मिळाली. २०१६मध्ये वेम्बलीवर एफए व्हाझ या खालच्या पायऱ्यांवरच्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मॉर्पेथने त्यांना ४-१ हरवलं, पण सुरुवातीचा गोल हेरिफर्डचा होता, आणि तो केला रॉब पर्डीने, जो टर्नरच्या २००६च्या संघातही होता.

वाचायला सुरुवात करणार असाल तर रॅडफर्डचा गोल जरूर बघा, पण लगेच १९९७ ते २००६ या नऊ वर्षांकडे या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे जास्त आहे.