त्यांचं बोलणं लांबलं तर लांबू दे

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. समाजकार्यकर्ती म्हणून रुजू होऊन तुला जेमतेम चार महिने झालेत आणि हातातल्या निम्म्या केसेस ‘तिला त्यांची भाषा येते, तिच्याकडे द्या’ म्हणून आलेल्या आहेत. कामाचं ओझं आहेच. पण तुला खरं काय बोचतंय ते शेवटच्या चार ओळींत आलंय. मदतीसाठी आलेली बाई आणि अधिकारी यांच्यामध्ये तू दुभाषी म्हणून बसतेस. टेबलापलीकडचे साहेब म्हणतात, ‘थोडक्यात सांगा.’ शेजारी बसलेली बाई म्हणते, ‘ताई, तुम्हीच सांगा ना.’ आणि घरी आल्यावर दिवसभर आपण नेमकं कुणाचं बोललो तेच तुला कळेनासं होतं. मी त्याबद्दलच लिहिते. फायली कशा लावायच्या, महिन्याचा अहवाल कसा भरायचा, हे तुला तिथली माणसं शिकवतील.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते. कामाला लागून मला वर्षही झालं नव्हतं. एक आई मदतीच्या अर्जासाठी आली होती. नवऱ्याचं काम सुटलेलं, पदरात तीन मुलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘घरात कोण कोण राहतं?’ तिने उत्तराला पाच-सहा मिनिटं घेतली. नवऱ्याचं सांगितलं, धाकट्याच्या खोकल्याचं सांगितलं, घरमालकाचं सांगितलं, मोठी मुलगी रात्री शेजारच्या आजींकडे झोपायला जाते तेही सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, ‘नवरा-बायको आणि तीन मुलं. पाच माणसं.’ साहेब खूश झाले. मलाही वाटलं, किती नेटकं सांगितलं आपण.

अर्ज मंजूर झाला. चार महिन्यांनी त्या मुलीने शाळेत जाणं बंद केलं, तेव्हा ती रात्री घरात का झोपत नव्हती ते बाहेर आलं. एका नातेवाइकाचं घरी येणं-जाणं होतं आणि आईला ते थांबवता येत नव्हतं. आईने हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. थेट बोलायची सोय नव्हती, म्हणून तिने ते घरातल्या माणसांच्या यादीत ठेवून दिलं होतं. ते वाक्य माझ्या कानांवर पडलं होतं, त्यातला शब्दन् शब्द मला कळला होता. तरी मी ते टेबलाच्या त्या बाजूला पोचवलं नाही. त्या चार महिन्यांचा हिशेब मी अजून मांडू शकलेले नाही.

म्हणून सांगते, ‘थोडक्यात सांगा’ म्हटलं की थांब. आवाज न चढवता म्हण, ‘मी पूर्ण सांगते, त्यातलं कामाचं काय ते तुम्ही ठरवा.’ पहिल्यांदा त्यांच्या कपाळाला आठी पडेल. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते स्वतःच थांबून ऐकतात, हे मी पाहिलंय. लांब बोलणं लक्षात ठेवायला वही हाताशी असू दे. वाक्यं लिहीत बसू नकोस. नावं, आकडे, तारखा आणि कोण कुणाचं कोण एवढंच टिप, नात्यांसाठी बाण काढ. बाई भरभर बोलत असेल तर हात किंचित वर करून दोन-तीन वाक्यांवर थांबव. आधीच सांगितलेलं असलं तर तिला त्याचं वाईट वाटत नाही.

आधी काय सांगायचं, हे महत्त्वाचं आहे. बसल्या बसल्या दोन्ही भाषांत सांगून टाक: ‘इथे जे बोललं जाईल ते सगळं मी दोन्हीकडे सांगणार आहे. जे सांगायचं नाही ते माझ्यासमोर बोलू नका.’ मग साहेब तुझ्याकडे वळून ‘ही खोटं बोलतेय असं वाटतं’ म्हणाले, तर तेही तिच्यापर्यंत जाईल हे त्यांना ठाऊक असतं. बहुतेक वेळा ते मग म्हणतच नाहीत. आणि तिचं बोलणं सांगताना ‘त्या म्हणतायत की’ करू नकोस. तिच्यासारखं ‘मी’ म्हणून बोल: ‘मी दोन महिने भाडं दिलेलं नाही.’ सुरुवातीला चमत्कारिक वाटतं. पण त्याने साहेबांची नजर तुझ्यावरून तिच्यावर जाते. स्वतःचं काही सांगायचं असेल तेव्हा वेगळं सांग: ‘आता मी कार्यकर्ती म्हणून बोलते.’ तेही दोन्ही भाषांत. आपण एकाच खुर्चीत बसून दोन कामं करतो, दुभाष्याचं आणि केस सांभाळण्याचं. या क्षणी कुठलं काम चाललंय हे तिघांनाही कळलं पाहिजे.

आता शब्दांचं. घरात दोन्ही भाषा बोलत वाढलेल्या मुलीला शब्द अडत नाहीत, आणि धोका तिथेच असतो. हिंदी आणि मराठीचंच घे. हिंदी बोलणारी बाई म्हणते, ‘राज़ीनामा हो गया.’ म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड झाली. मराठीत नोंद घेणारा लिहून मोकळा होतो की नवऱ्याने नोकरीचा राजीनामा दिला. ‘बच्चों की शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडची शिक्षा नव्हे. ‘बहुत चेष्टा की’ म्हणजे खूप प्रयत्न केला, थट्टा नाही केली. एका लिपीत, एकाच अक्षरांत लिहिलेले हे शब्द. अनोळखी शब्दाला आपण अडखळतो आणि विचारतो. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाला विचारत नाही.

१९८० साली अमेरिकेत, फ्लोरिडात, अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत इस्पितळात आणलं. घरची माणसं क्यूबातली स्पॅनिश बोलणारी. त्यांनी ‘इंटॉक्सिकादो’ हा शब्द वापरला. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलंय. इंग्रजी कानांना तो नशेसारखा ऐकू आला आणि उपचार अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे सुरू झाले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो मुलगा वाचला, पण दोन्ही हातपाय कायमचे लुळे पडले. दुभाषी बोलावला गेला नाही, कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला समजलंय. हे उदाहरण मी प्रत्येक नव्या कार्यकर्तीला सांगते, तुलाही सांगतेय. ‘तुमच्याकडे या शब्दाचा अर्थ काय?’ असं विचारायला लाजू नकोस. तुझं भाषेचं ज्ञान त्याने कमी ठरत नाही.

नात्यांच्या शब्दांवर विशेष लक्ष ठेव. आत्या, मावशी, काकू, मामी या चौघी इंग्रजी अर्जात एकाच शब्दात बसतात. मुलाचा ताबा, पालकत्व, शाळेतून मूल कोण नेणार, असा प्रश्न निघाला की बापाकडची की आईकडची यावर सगळं फिरतं. अर्जात तो एकच शब्द मागितला असला तरी बाजूला नातं उलगडून लिही. वयाचंही तसंच. आई म्हणते, ‘तिला पाचवं लागलंय.’ म्हणजे चार पूर्ण झाली. अर्जात पाच लिहिलंस तर पुढे जन्मतारखेशी जुळणार नाही आणि खोटी माहिती दिल्याचा शेरा त्या आईच्या माथी बसेल. नावाचं स्पेलिंग कधीही कानाने लिहू नकोस. ओळखीच्या कागदावर जसं आहे तसं, अक्षर न् अक्षर उतरव. दोन कागदांवर दोन तऱ्हा असतील तर दोन्ही नोंदव.

‘समजलं का?’ हा प्रश्न बंदच करून टाक. त्याला ‘हो’शिवाय उत्तर येत नाही. कमी शिकलेला माणूस समोरच्याचा मान म्हणून मान डोलावतो आणि शिकलेला लाजेने. त्याऐवजी विचार, ‘घरी गेल्यावर ह्यांना काय सांगाल?’ ती जे सांगेल त्यात तुझी चूक दिसेल. तारीख तिने उलटी पकडली असेल तर तू ती नीट सांगितली नव्हतीस. पुन्हा सांग.

आणि मुलांना मधे घालू नकोस. कितीही घाई असली, कितीही हुशार मूल असलं तरी. आईचा आजार, बापाचं कर्ज, घरातली मारहाण हे दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून अधिकाऱ्याला सांगवलं, तर ते मूल घरात मोठं होतं आणि आई लहान होते. शिवाय मूल गाळतं. आईला वाचवायला गाळतं, कधी बापाला. दुभाषी मिळत नसेल तर तारीख पुढची घे. अगदीच तातडी असेल तर फोनवर दुसऱ्या कार्यकर्तीला जोड.

तू एका गोष्टीबद्दल काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मीच काढते. तू त्याच समाजातली आहेस. त्या बाईला तुझी भाषा ऐकून हायसं वाटतं आणि त्याच क्षणी भीतीही वाटते, की ही माझ्या सासरच्यांना ओळखत असेल का? ही भीती बोलून दाखवली जात नाही. ती पुढच्या तारखेला न येण्यातून दिसते. म्हणून पहिल्या भेटीतच विचार, ‘तुमच्या-माझ्या ओळखीचं कुणी निघतंय का? दुसरी कार्यकर्ती हवी असेल तर सांगा, मला राग येणार नाही.’ आणि खरंच राग येऊ देऊ नकोस. संमतीपत्रही तिच्या भाषेत वाचून दाखव: कुठली माहिती, कुणाला, किती दिवसांसाठी. ‘इथे सही करा’ एवढ्यावर भागवू नकोस.

नोंदींबद्दल एकच आग्रह. तिचं महत्त्वाचं वाक्य तिच्याच भाषेत, जसंच्या तसं लिही. त्याखाली तुझं भाषांतर. आणि तुला काय वाटलं ते वेगळ्या ओळीत, ‘माझं मत’ असं लिहून. केसवर्कची, म्हणजे एकेका माणसाला किंवा कुटुंबाला धरून करायच्या आपल्या कामाची, पद्धतशीर मांडणी अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड यांनी १९१७ सालच्या ‘सोशल डायग्नोसिस’ या ग्रंथात केली. कुणीतरी सांगितलेलं, आपण डोळ्यांनी पाहिलेलं आणि आपण काढलेला अर्थ हे वेगळे ठेवा, हे त्यांचं सांगणं होतं. त्यांच्या त्या ग्रंथात स्थलांतरित कुटुंबांवर वेगळं प्रकरणच आहे. भाषांतर हासुद्धा आपण काढलेला अर्थच असतो, हे त्यात माझ्याकडून जोड. उद्या तुझी फाइल दुसऱ्या कार्यकर्तीकडे गेली तर मूळ वाक्य पाहून ती तुझी चूक दुरुस्त करू शकेल. माझ्या त्या पहिल्या फाइलमध्ये मूळ वाक्य असतं, तर माझ्या वरिष्ठांच्या नजरेला ते पडलं असतं. त्या फार अनुभवी होत्या.

आता तुझ्या थकव्याकडे येते. दोन भाषांतली मुलाखत जवळजवळ दुप्पट वेळ खाते, कारण प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं. तरी तुझ्या केसेसची संख्या इतरांएवढीच आहे. हा अन्याय आहे आणि तो मनात ठेवू नकोस. एक महिना प्रत्येक भेटीची वेळ लिहून काढ आणि तो कागद घेऊन वरिष्ठांसमोर बस. संस्था चांगली असली तरी भाषा कार्यकर्तीच्या अंगातच असते, त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही, असं तिथल्या लोकांना मनापासून वाटतं. त्यांना आकडे दाखवावे लागतात.

थकव्याचं दुसरं कारण तुला अजून उमगलेलं नसावं. दिवसभर तू ‘मी’ म्हणून दुसऱ्यांचं दुःख बोलतेस. ‘मला त्याने मारलं’, ‘माझं मूल गेलं’ ही वाक्यं तुझ्या तोंडून, तुझ्या आवाजात निघालेली असतात. ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्याच्या अंगात ती जास्त मुरतात. अशा मुलाखतीनंतर लगेच पुढची केस घेऊ नकोस. दहा मिनिटं बाहेर जा, पाणी पी, सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे वरिष्ठांबरोबर कामाबद्दल बोलायला बसतेस तेव्हा, त्याबद्दल बोल. मी हे पुष्कळ वर्षं केलं नाही आणि माझी झोप गेली.

राहिलं ते ‘ताई, तुम्हीच सांगा ना’. हा विश्वास आहे, तो झिडकारू नकोस. पण तू आठ दिवस रजेवर गेलीस आणि त्या घराचं सगळं काम ठप्प झालं, तर तू त्यांना एक दार उघडून दिलंस आणि किल्ली स्वतःच्या कमरेला ठेवलीस. प्रत्येक कुटुंबाला एक वही दे. कुठल्या तारखेला कुणाला भेटलो, त्यांनी काय सांगितलं, पुढे काय करायचं, हे त्यांच्याच भाषेत त्यांनीच लिहायचं. लिहिता येत नसेल तर घरातल्या कुणाकडून. मग तू नसलीस तरी वही बोलते.

सोमवारी तुझी ती बैठक आहे म्हणतेस, त्या दोन मुलांच्या आईची. अर्धा तास आधी पोच. बाहेरच्या बाकावर तिच्याबरोबर बस आणि विचार, आज त्यांना कुठल्या तीन गोष्टी कळल्याच पाहिजेत? त्या तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घे, तिच्या भाषेत. आत गेल्यावर तुझी खुर्ची तिच्या बाजूला, थोडी मागे ओढून घे, म्हणजे साहेबांसमोर ती असेल. पहिला प्रश्न आला की तिच्याकडे बघ आणि थांब. ती गप्प राहील, तुझ्याकडे वळेल. तरी थांब. मनात दहा अंक मोज. ती बोलायला लागली की वही उघड.

मंगळवारी कसं झालं ते कळव.

तुझी,
ताई